न मोडलेली भाकरी

सबीना मॅनियनच्या उजव्या हाताची तीन बोटं टोकाशी अगदी गुळगुळीत होती. कातडीवरच्या रेषा कधीच्याच जळून गेल्या होत्या. सुईत दोरा ओवायचा तर दोरा बोटाला जाणवायचा नाही, म्हणून ती तो दातांत धरून ओवायची. आमच्या डेरीगॉलात तिला सबीना कुणी म्हणत नसे, 'काटकीवाली' म्हणत. तोंडावर नाही म्हणायचे, पण गावच एवढंसं, की पाठीमागे बोललेलंही तिच्या कानावर जायचंच.

या नावाचं मूळ एका भाकरीत आहे.

तेव्हा इंग्लंडची म्हातारी राणी अजून जिवंत होती. आमच्याकडे लग्नं उरकायची ती ईस्टरच्या आधीचे चाळीस उपास लागायच्या आत. उपासाच्या आदल्या मंगळवारपर्यंत ज्याचं जमलं त्याचं जमलं, राहिला तो पुढच्या वर्षापर्यंत राहिला. सबीनाचं अगदी शेवटच्या आठवड्यात जमलं. डोंगरापलीकडच्या कॉइन लोकांची ही पोरगी, हाडापेराने मजबूत, हसायला लागली की पार पोट धरून हसणारी. नवरा फेस्टस मॅनियन, खालमानेचा, गरीब स्वभावाचा. घरात तो आणि त्याची विधवा आई बार्बरा, दोघंच. सबीनाच्या बापाने येऊन जमीन पायाखाली घालून पाहिली, गोठ्यात डोकावला, विहिरीचं पाणी चाखलं, छपराचं गवत उपसून नाकाला लावलं. म्हातारीकडे मात्र त्याने धड पाहिलंही नाही. खरं तर तिलाच नीट पारखून घ्यायला हवं होतं.

मंगळवारी चर्चमध्ये लग्न लागलं. मुलीची आई आमच्यात लग्नाला जात नाही, ती घरीच रडत बसते. वरात गेली त्या वाटेने परत येत नाही, म्हणून सगळे लांबच्या रस्त्याने, तळ्याला वळसा घालून आले. दारात बार्बरा उभी होती. एका हातात ओटच्या पिठाची भाकरी, आणि मागे चुलीपाशी भिंतीला टेकवलेला कमरेएवढा लांब लोखंडी चिमटा.

ही रीत आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. सासू उंबरठ्यावर नव्या सुनेच्या डोक्यावर भाकरी मोडते. तुकडे उडतात, पोरी ते झेलायला धावतात, उशाखाली ठेवून झोपतात. मग सासू सुनेच्या हातात चिमटा देते. सून चुलीतला विस्तव हलवते, बॉगातल्या, म्हणजे दलदलीतल्या, काळ्या मातीची एक वाळकी वीट, आमचं जळण तेच, त्यात घालते, आणि त्या क्षणापासून ती घरची बाई. सासू मागच्या खोलीत जाते. चूल आमच्यात विझू देत नाहीत, रात्री राखेखाली निखारे झाकून ठेवतात, पुन्हा सकाळी उघडतात. म्हणून चिमटा जिच्या हातात, घर तिचं. फादर चर्चमध्ये काहीही बोलोत, लग्न खरं लागतं ते इथे.

आता ही भाकरी नुसत्या पाण्यात मळायची, पातळ थापायची आणि चुलीसमोर उभी करून दिवसभर वाळवायची असते. इतकी कडक होते की मांजराच्या पिल्लाच्या डोक्यावर टेकवली तरी तिचे तुकडे होतील. भाकरी मोडली नाही तर मोठा अपशकुन, असं सगळे म्हणायचे, पण तो अपशकुन कुणी पाहिला नव्हता. कसा पाहणार? भाकरी न मोडायला ती मुद्दाम तशी करावी लागते.

बार्बराने ती मुद्दाम तशी केली होती. लोणी घातलं होतं, ताक घातलं होतं, आणि विस्तवाची धग नावाला दाखवली होती. तिने हात उचलला आणि भाकरी सबीनाच्या डोक्यावर आपटली. भाकरी डोक्यावर बसली. कडा कानांपर्यंत लोंबल्या.

लग्नघरी गवताचे उंच टोप घालून, तोंडं झाकून नाचायला येणारी पोरं असतात, त्यांतला एक टोपाआडून ओरडला, "अरे, ही भाकरी आहे का टोपी?" झालं, अख्खं अंगण फिदीफिदी हसायला लागलं. सबीनाही हसली. तिला वाटलं, हे गमतीतलं आहे.

बार्बरा हसली नाही. तिने भाकरी उचलून पुन्हा आपटली, पुन्हा तेच. मग छातीवर क्रूस काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "नाही मोडली हो. देवाच्या मनात नाही. चिमटा आज देत नाही मी. शकुन सुधारला की देईन. काय घाई आहे?"

सबीनाच्या ओठांवर एक ओला कण पडला होता. तिने तो जिभेने टिपला. लोणी. तिने मान वर करून सासूकडे पाहिलं. सासू तिच्याकडेच पाहत होती, शांतपणे, ही समजली का नाही याची वाट बघत. समजली, हे पाहिल्यावर ती जरा बाजूला झाली आणि म्हणाली, "ये आत. थंडी आहे बाहेर."

उंबरठ्यावर नव्या नवरीने बोलायचं नसतं. लग्नानंतर महिनाभर माहेरी जायचं नसतं, पाऊल मागे वळलं तर सुख वळतं म्हणे. म्हणून सबीनाने महिनाभर ते लोणी तोंडातच ठेवलं. महिन्याने डोंगर ओलांडून आईकडे गेली आणि ढसाढसा रडली. आई म्हणाली, "भाकरीत लोणी होतं, असं कुणाला सांगणार आहेस तू? हसतील लोक. गोड बोल तिच्याशी. आज ना उद्या देईल."

सबीना गोड बोलली. फार वर्षं बोलली.

चिमटा हाताशी नसेल तर आमच्या घरात बाईला एक काम धड करता येत नाही. चूल जमिनीवर, विटा धगधगलेल्या. भाकऱ्या भाजायच्या त्या जाड लोखंडी भांड्यात, खाली निखारे आणि झाकणावरही निखारे. ते झाकणावर ठेवायचे कशाने? म्हणून सबीनाने पीठ मळायचं, भांडं टांगायचं आणि मग चुलीशेजारच्या खुर्चीकडे वळून म्हणायचं, "आई, निखारे ठेवता का?"

"ठेवते की. बसले आहे ना मी त्यालाच."

आणि बार्बरा बसून राहायची. चिमटा मांडीवर आडवा. कधी लगेच ठेवायची, कधी पीठ फुगून भांड्याबाहेर आलं तरी ठेवायची नाही. एकदा ठेवले की काढायचं विसरायची. फेस्टस शेतातून आला की त्याच्यापुढे एका बाजूने करपलेली, एका बाजूने कच्ची भाकरी यायची, आणि म्हातारी म्हणायची, "खा रे बाळा. शिकेल हळूहळू."

सबीनाने चुलीसाठी एक काटकी केली. अॅशच्या झाडाची, टोकाला फाटा असलेली. तिने वीट सरकवता यायची, पण उचलता यायची नाही, आणि काटकी पेटायची. म्हणून उचलायला बोटं. निखारा चटकन धरायचा, चटकन सोडायचा. पहिल्या वर्षी फोड आले, दुसऱ्या वर्षी घट्टे पडले, पुढे काही वाटेनासं झालं. शेजारणी आल्या की बघायच्या आणि रस्त्यात हसायच्या.

फेस्टसला तिने विचारलं नाही असं नाही. "तुम्ही तरी बोला ना त्यांच्याशी."

"म्हातारी आहे ग. किती दिवस राहणार आहे ती?" फेस्टस म्हणायचा आणि बाहेर गाईकडे बघायला जायचा. त्याच्या गाईकडे फार बघावं लागायचं.

दुसरा चिमटा करून आणावा, असं तुमच्या मनात आलं असेल. तिच्याही आलं. ती मॅलाकी लोहाराकडे गेली. मॅलाकीने भाता थांबवला, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "मॅनियनच्या घरात आहे की चिमटा. माझ्या आज्याने केलेला. एका चुलीला दोन चिमटे? शवपेटी निघते घरातून, बाई. माझ्या हातून नाही व्हायचं ते." वर रविवारपर्यंत त्याने ही गोष्ट गावभर केली. त्या रविवारी बार्बरा चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, शालीखाली चिमटा घेऊन आली. सगळे गुडघ्यावर, फादर वेदीवर भाकर उचलून धरतायत, आणि तेवढ्यात शालीतून चिमटा निसटून दगडी फरशीवर खणकन पडला. पुढच्या बाकावरून मागच्या बाकापर्यंत खांदे हलायला लागले. बार्बराने शांतपणे तो उचलला आणि शेजारणीला मोठ्याने सांगितलं, "काय करणार, घरात चोर असला की बरोबर आणावं लागतं." सबीनाने मिस्सा संपेपर्यंत मान वर केली नाही.

लोक कारणं शोधतात. म्हणतात, बार्बरानेही तिच्या सासूपायी फार सोसलं असेल. म्हणतात, विधवा बाईला चूल सोडायची भीती वाटते. मला हे पटत नाही. बार्बराच्या सासूने तिला पहिल्याच दिवशी चिमटा दिला होता, हे गावातल्या म्हाताऱ्या सांगत. तिला ते आवडायचं, एवढंच. सकाळी उठून कुणीतरी आपल्याकडे काहीतरी मागणार आहे, आणि द्यायचं की नाही हे आपल्या हातात आहे, यात तिला सुख होतं. अशी माणसं असतात. त्यांची कीव करत बसायला मला वेळ नाही.

पहिली मुलगी झाली, विनी. आमच्याकडे पाळण्यातलं मूल एकटं ठेवून आई विहिरीवर जाते तेव्हा पाळण्यावर चिमटा आडवा ठेवते. टेकडीतले ते लोक, त्यांचं नाव आम्ही घेत नाही, लोखंडाला भितात. नाहीतर गुटगुटीत मूल उचलून नेतात आणि त्याजागी आपलं किरकिरं, सुकलेलं टाकून जातात. सबीना बादली घेऊन दारात थांबायची.

"आई, पाण्याला जाते. पाळण्यावर चिमटा ठेवा हं. एवढं करा."

"ठेवते. जा तू."

परत यायची तेव्हा चिमटा बार्बराच्या मांडीवर. "मी होते ना इथे! मी काय मेले होते?" मग सबीना मुलीला पाठीला बांधून विहिरीवर जायला लागली. पण ऐन थंडीत, बर्फाळ वाऱ्यात, तान्ह्या मुलीला किती न्यायचं? नेलं तरी जीव धास्तावलेला, ठेवलं तरी धास्तावलेला. हिवाळा संपायच्या आत विनी खोकायला लागली, सुकत गेली, आणि एका सकाळी पाळण्यात निपचित पडलेली सापडली.

मढ्याशेजारी बायका बसल्या होत्या. बार्बरा चुलीपाशी. ती म्हणाली, "किती वेळा सांगितलं हिला, पाळण्यावर चिमटा ठेवल्याशिवाय हलू नकोस म्हणून. ऐकेल तर ना."

बायकांनी माना हलवल्या. मुलगी खोकल्याने गेली. त्या हिवाळ्यात ज्यांच्या पाळण्यावर चिमटे होते त्यांचीही मुलं गेली. हे आज मी म्हणतो आहे. तेव्हा सबीनाला हे एकानेही म्हटलं नाही.

त्यानंतर ती पोट धरून हसल्याचं कुणाला आठवत नाही. पुढे कोलमन झाला. त्याला तिने चालायला लागेपर्यंत पाठीवरून खाली उतरवलं नाही. बॉगात विटा कापताना, खेकडे वेचताना, गाय पिळताना तो पाठीला. गाव हसलं. हसू दे.

एकदा बार्बराला ताप भरला होता. ती ग्लानीत होती आणि चिमटा खुर्चीखाली पडला होता. सबीनाने इकडेतिकडे पाहिलं, तो उचलला, एक वीट उलटी केली, दुसरी तिच्यावर रचली. विस्तव छान भडकला. ती तशीच बसून राहिली, चिमटा हातात धरून. तेवढ्यात मागून आवाज आला, "चोरीचा कसा वाटतोय?"

तिने तो ठेवून दिला. हिसकावून का नाही घेतला, असं हल्लीची पोरं विचारतात. हिसकावलेला चिमटा चालत नाही. तो दिलेला असावा लागतो. त्याशिवाय ती घरची बाई नव्हे, घरात राहणारी बाई. हे सबीनाला कुणी शिकवावं लागलं नाही.

'किती दिवस राहणार आहे ती' म्हणणारा फेस्टस एका पावसाळी मार्चमध्ये छातीत कफ भरून आईच्या आधीच गेला. घरात तिघं उरली. बार्बराचे दात गेले, कंबर वाकली, पाय गेले. सबीना तिला सकाळी उचलून खुर्चीत ठेवायची, धुवायची, दुधात कुस्करून भरवायची. भरवताना चिमटा म्हातारीच्या उजव्या हाताखाली असायचा. "कडक आहे," म्हातारी म्हणायची. "मऊ का करत नाहीस? आमच्या वेळी करायचो आम्ही." आणि डोळे बारीक करून तिच्याकडे पाहायची.

मग इंग्रज गेले, नवं सरकार आलं, नाक्यावरच्या लाल टपालपेटीला हिरवा रंग लागला, आणि कोलमनचं लग्न ठरलं. मुलगी डिलिया, किनाऱ्यावरच्या फॉर्डे लोकांची. मोठ्या आवाजाची, हाताला उरक असलेली, चांगली पोरगी. मी तिच्याविरुद्ध काही बोलणार नाही. लग्न पुन्हा त्याच मंगळवारी.

त्यानंतर मात्र सबीनाची झोप उडाली. आता सासू ती होती. उंबरठ्यावर भाकरी तिने मोडायची, चिमटा तिने द्यायचा. पण द्यायला तो तिच्याकडे होता कुठे? त्यासाठी बार्बराने आधी तो सबीनाला द्यायला हवा. ठेवायला नाही, पुढे करायला. तिचं सगळं आयुष्य तेवढ्यावर येऊन थांबलं. चुलीपासून दारापर्यंत तो आपल्या हातात असावा, कुणीतरी दिलेला. मग तो सुनेच्या हातात ठेवून आपण खुशाल मागच्या खोलीत जाऊ.

रविवारी मिस्साहून आल्यावर ती म्हातारीच्या खुर्चीपाशी खाली बसली.

"आई, मंगळवारी डिलिया येणार. चिमटा मला द्यावा लागेल ना तिला."

"तुझ्याकडे कुठे आहे चिमटा?"

"म्हणून तर म्हणते. तुम्ही मला द्या, मी तिला देते. चुलीपासून दारापर्यंत. तेवढंच मागते."

"तेवढंच?"

"तेवढंच, आई."

म्हातारीने चिमट्याची दोन्ही टोकं एकमेकांवर वाजवली. "बघू. भाकरी मोडली तर बघू."

म्हणजे हो. सबीनाने त्याचा अर्थ 'हो' असाच घेतला. इतक्या वर्षांत या घरात 'नाही' सोडून दुसरा शब्द तिला पहिल्यांदा ऐकू आला होता.

सोमवारी तिने भाकरी केली. नुसतं पीठ आणि पाणी, कागदासारखी पातळ, चुलीसमोर उभी करून दिवसभर वाळवली. बोटाने वाजवली तर टणटण वाजत होती. मग मंगळवारी पहाटे उठल्यावर तिच्या मनात काय आलं कोण जाणे. नाही, मला माहीत आहे काय आलं. या पोरीला पहिल्याच दिवशी का मिळावा? आपण काय पाप केलं होतं? भाकरी मोडली नाही तर निदान आपण दोघी होऊ. दोघींची बोटं जळतील, दोघी मिळून म्हातारीला शिव्या देऊ. तिने दुसरी भाकरी केली. लोणी घातलं, ताक घातलं, धग नावाला दाखवली. चुलीपाशी बार्बरा डोळे मिटून बसली होती. तिच्या नाकपुड्या तेवढ्या हलल्या.

दोन्ही भाकऱ्या दोन फडक्यांखाली फडताळावर ठेवून सबीना चर्चला गेली नाही, घरीच थांबली. दुपार कलली तशी रस्त्यावरून व्हायोलिन ऐकू यायला लागलं. मग कोलमनचं हसणं. वरात अंगणात आली. सबीना फडताळापाशी उभी राहिली, एकेक हात एकेका फडक्यावर ठेवून.

डिलिया उंबरठ्यावर आली आणि तिने मान खाली घातली. सबीनाला तिची मान दिसली, गोरी, थंडीने शहारलेली, मागे केसांची एक बट सुटलेली. इथेच आपण अशी मान खाली घातली होती, आणि कुणाला आपली दया आली नव्हती, हे तिला आठवलं. तिने कडक भाकरी उचलली.

ठक्क! तुकडे चहूकडे उडाले. पोरी किंचाळत जमिनीवर लोळल्या, गवताच्या टोपांतली पोरं टाळ्या पिटायला लागली. डिलिया केसांतून चुरा झटकत खदखदून हसत होती. सबीनाही हसली. कितीतरी वर्षांनी हसली. मग तिने चुलीकडे वळून दोन्ही हात पुढे केले.

बार्बरा उभी राहिली होती. जिला रोज उचलून बसवावं लागायचं ती म्हातारी खुर्चीच्या पाठीला धरून, मग टेबलाला धरून, मग भिंतीला धरून चालत येत होती. चिमटा टेकायला काठीसारखा. ती सबीनापाशी आली. सबीनाचे हात तसेच पुढे होते.

"बाजूला हो," बार्बरा म्हणाली.

सबीना हलली नाही, म्हणून म्हातारी तिला वळसा घालून गेली. उंबरठ्याशी थांबली. "भाकरी मोडली का नाही? सांगा सगळ्यांनी!"

"मोडली!" अंगण ओरडलं.

"मग जिच्या डोक्यावर मोडली तिचा चिमटा. या घरात माझ्यानंतर पहिलीच हो, जिच्या डोक्यावर मोडली." आणि तिने चिमटा डिलियाच्या हातात दिला.

लोकांना काय, म्हातारी आजी उठून चालत आली, नातसुनेला चिमटा दिला, बायकांच्या डोळ्यांना पाणी आलं. डिलियाने आजीचा मुका घेतला, धावत जाऊन विस्तव हलवला, वीट घातली. धूर झाला, सगळे खोकले, हसले. गवताच्या टोपवाल्यांचा म्होरक्या आत आला. घरच्या बाईबरोबर पहिला नाच त्याचा मान.

"घरची बाई कोण?" त्याने विचारलं. "काल होती ती, का आज झाली ती?" आणि तो बार्बराला वाकून नमस्कार करून डिलियाला घेऊन नाचायला लागला. सबीना दोघींच्या मधोमध उभी होती. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही असं नाही. त्याला ती प्रश्नात कुठे बसते ते कळलं नसावं.

दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार. उपास लागले. सकाळी सगळे चर्चला जाऊन कपाळाला राख लावून आले. कोरा चहा आणि कोरडा तुकडा, लोण्याचं नाव काढायचं नाही. कोलमन गोठ्यात होता. डिलिया चुलीपाशी. सबीना सवयीने पुढे झाली आणि घसरलेली वीट उचलायला तिने हात घातला.

"अहो आई, हात काय घालताय!" डिलियाने चिमट्याने तिचा हात हळूच बाजूला सारला. "सरका तिकडे. माझं काम आहे ते आता." त्या पोरीच्या मनात काही नव्हतं. तिने वीट उचलली, नीट रचली, आणि गाणं गुणगुणायला लागली.

खुर्चीतून बार्बरा म्हणाली, "भूक लागली."

"उपास आहे, आजी," डिलिया म्हणाली.

"माझ्या वयाला उपास नसतो. सबीना, ती दुसरी कुठे ठेवलीस? मऊवाली. आण ती. मला दात नाहीत."

सबीना फडताळाकडे गेली. फडकं काढलं. भाकरी कालची, तरी हाताला मऊ लागली. ती घेऊन ती परत आली, म्हातारीपुढे उभी राहिली, आणि सगळं बळ एकवटून तिने भाकरी चुलीत फेकली. एवढ्या वर्षांत या घरात तिने सासूचा शब्द मोडून केलेली ती पहिली गोष्ट होती.

"अगोबाई! अन्न जाळायचं असतं का, आई?" डिलिया ओरडली. तिने चिमटा आत घातला, भाकरी अलगद उचलली, राख फुंकली, फडक्याने पुसली आणि आजीच्या हातात दिली. एक कड तेवढी काळी झाली होती.

बार्बरा हिरड्यांनी चावत राहिली. लोणी तिच्या हनुवटीवर ओघळलं. बराच वेळ चघळून झाल्यावर तिने सबीनाकडे पाहिलं, आणि लग्न होऊन ती या घरात आल्यापासून पहिल्यांदाच तिचं कौतुक केलं.

"छान झालीय हो," ती म्हणाली. "अगदी माझ्यासारखी करतेस."